ताप दाखवायला जाण्याआधीची आंघोळ

माय,

तुला लिहायचं मी तीन आठवडे टाळतेय. खरं तर लिहायचंय सरकारला. आजारी पडलं तर मालकानं पगारी रजा द्यायलाच पाहिजे, असा कायदा आणायचं चाललंय म्हणे, अन् त्यावर लोकांचं म्हणणं मागवलंय. ज्याच्या घरात रजेवाचून काही घडलंय त्यानं एकेक पान लिहून द्यावं, असं इथल्या बायांनी ठरवलं. उद्या सकाळच्या एसटीनं पानं बुलढाण्याला जाणार. तुझं पान माझ्याकडं आहे, कोरंच. तू गेल्यापासून मी जालना केलं, सुरत केलं, हिवरा आश्रमाच्या उत्सवात बांगड्या विकल्या. तिथल्या पुरी अन् वांग्याच्या भाजीची चव अजून… जाऊ दे, मी अशीच भरकटते. आता परत देऊळगाव राजाला आलेय, त्याच बियाण्याच्या प्लांटात, त्याच लांब टेबलावर.

तू होतीस तेव्हा तिथं आजारी पडायचीसुद्धा रीत होती. घरून निरोप चालत नसे. स्वतः जाऊन मुकादमीणबाईला ताप दाखवायचा. ती उलट्या हातानं कपाळ बघायची. पोळलं तर घरी जा, त्या दिवसाचा रोज बुडाला तरी जागा राहायची. न दाखवता घरी राहिलं, तर दुसऱ्या दिवशी जागेवर दुसरी बाई. त्या सकाळी तू गोधडीत कुडकुडत होतीस. मी नुकतीच तुझ्या शेजारी कामाला लागले होते, नवी साडी होती, अन् तुझ्या अंगाला घामाचा वास येत होता. मी म्हटलं, "अशी पारोशी येतं का वं? बाया नाकाले पदर लावतीन." तू उठलीस, गार पाण्याचे चार तांबे डोक्यावर घेतलेस. ओल्या केसांनी वाऱ्यातून चालत प्लांटात पोचलो, तोवर तुझं कपाळ थंडगार.

"कुठी हाये वं ताप?" मुकादमीण म्हणाली. "चांगली न्हाऊनधुऊन आली. लग्नाले जाऊन राह्यली का?"

बाया हसल्या. तूही हसलीस. "बसतो ना बाई," म्हणालीस अन् कांद्याचं बी निवडायला बसलीस. मी शेजारीच होते. ताप आहे हो तिला, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. तिसऱ्या दिवशी तुला टेबलावरूनच उचलून जीपनं जालन्याला नेलं. तिथून तू आली नाहीस.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, मायला आंघोळीशिवाय चालायचंच नाही. खोटं आहे ते. पानावर नुसता मुकादमिणीचा हात लिहिला तर पान सोपं होतं. आंघोळ लिहिली तर कोणीतरी म्हणेल, लेकीचीच चूक, कायदा कशाला? पण रजा असती तर तुला कुठं जावंच लागलं नसतं, पारोशी काय अन् न्हालेली काय. एवढं कळायला मला इतकी गावं फिरावी लागली.

कडी वाजली म्हणून उठले होते. मुकादमीण आलीय. थकलीय फार, काठी टेकत आली. काम सोडून तिला वर्षं झाली, माझ्या दारात कधी आली नव्हती. म्हणाली, "तुह्या मायचं पान लिहून राह्यली म्हने. माह्या हाताचं लिही, मी अंगठा देतो. पन एक सांग पोरी, तिले ताप होता का वं खरंच?"

तिला पाणी दिलंय. तांब्या हातात धरून बसलीय, पीत नाही. हे इथंच ठेवते, माय. आधी तिला सांगावं लागेल.