जंतूच्या खांद्यावर झगा

कोचकोर, बाजारपेठ
मंगळवार

तीर्थस्वरूप जुमाकादिर दाजी यांस,

धाकटा मेव्हणा शार्शेन याचा छातीवर हात ठेवून सलाम. आधी गुरंढोरं आणि मग माणसं या आपल्या रीतीप्रमाणे विचारतो. घोड्या कशा आहेत? मेंढ्यांची वीण नीट पार पडली का? तांबड्या गाईचा पाय सुधारला का? आणि तुमची तब्येत? (गाईनंतर विचारली म्हणून रागावू नका. आपल्या गावात गाईनंतरचा मान मिळवायलाही पुण्याई लागते.) इकडे सर्व क्षेम. अक्काला येऊन बारा दिवस झाले. थोरल्या नातीच्या रुखवतासाठी लोकरीचा नमदा शिवायचा म्हणून तिला बोलावलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिचा तो लघवीच्या जळजळीचा ताप, जो हिवाळ्यापासून तीनदा आला आणि तुम्ही तीनदा घालवलात, त्याविषयी शेवटी लिहितो. काळजीचं काम सावकाश लिहावं. आधी गावात जे झालं ते माझ्याच तोंडून ऐका, कारण बसवाल्या ड्रायव्हरांकडून तुमच्यापर्यंत ते पोचेल तेव्हा त्याला शिंगं फुटलेली असतील.

झालं असं, की आमच्या शाळेत तालुक्याहून एल्नुरा नावाची तरुण डॉक्टरीण येऊ लागली. तिचं म्हणणं असं, की लोक उठसूट जंतुनाशक गोळ्या खातात, सर्दीलाही खातात, बरं वाटलं की मध्येच सोडतात, उरलेल्या शेजारणीला देतात आणि त्यामुळे जंतू निर्ढावतात. मग खरोखर गरज पडते तेव्हा गोळी लागू पडत नाही. म्हातारी माणसं ऐकत नाहीत, म्हणून तिनं पोरांना हाताशी धरलं. आमची धाकटी नात बेगिमाय त्या पोरांची म्होरकी. पंधरा वर्षांची आहे, पण बोलताना कंबरेवर हात ठेवते, अगदी तुमच्या बायकोसारखी. पोरांनी चित्रं काढून बाजारात लावली. एका चित्रात जंतूला शिंगं होती, तर खाटिकखान्याची जाहिरात समजून दोन माणसं भाव विचारून गेली. (मी माझ्या दुकानावर चित्र लावू दिलं. दुकानाच्या आत नाही, बाहेर. आत गिऱ्हाईक असतं.) तुम्हाला माहीत आहे, सामूहिक शेतीचा कोल्खोज मोडला तेव्हा मी पत्र्याच्या पेटीवर औषधं मांडून बसलो होतो. आज तीन दुकानं आहेत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकलो, भिंतीवरचं कोणी वाचत नाही आणि गाण्यातलं कोणी विसरत नाही. हे मी जेवताना सहज बोललो. तीच माझी चूक.

बेगिमायनं ते उचललं आणि आइतिश ठरवला. औषध विरुद्ध जंतू, दोघांच्या हाती तीन तारांचा कोमुझ, समोरासमोर बसून तिथल्या तिथे कवनं रचायची. दाजी, आइतिशचा कायदा तुम्हाला मी काय सांगणार? ज्याला उलट कडवं सुचलं नाही तो हरला, मग त्याची बाजू देवाची असो की सैतानाची. हा कायदा डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक होता, त्याही याच मातीतल्या. पण शाळेच्या मुख्याध्यापकांनी भूमिका वाटल्या त्या गुणपत्रिका बघून. औषध म्हणजे मानाचं काम, म्हणून ते मिळालं नुरदोलोतला. हा पोरगा गणितात पहिला, हस्ताक्षर मोत्यासारखं, घरून सोळा कडवी पाठ करून आलेला. जंतू व्हायला कोणाचीच आई तयार होईना. शेवटी ते काम गेलं साइकालकडे. धनगराची पोर, दोनदा नापास, आणि गेली चार वर्षं या खोऱ्यातल्या प्रत्येक बारशात आणि लग्नात गाऊन नवरदेवाच्या मामांना रडवणारी. मी बेगिमायला म्हटलं, “अगं, लांडग्यापुढे कोकरू बसवते आहेस.” ती म्हणाली, “आजोबा, जंतू हरणारच असतो. विज्ञान आहे ते.”

दहा दिवसांपूर्वी, शनिवारी, सगळं गाव शाळेच्या सभागृहात. विजेत्याला पांघरायचा झगा मी दिला होता, चांगला मखमली, सोनेरी काठाचा. म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. परीक्षक तीन म्हातारे, त्यांत मोल्दोकुल आजोबा मुख्य. नुरदोलोतनं सुरुवात छान केली. मी औषध, मी रक्षक, डॉक्टरांना विचारून घ्या, पूर्ण दिवस घ्या, वगैरे. लोकांनी माना डोलावल्या, दोघं झोपले. मग साइकालनं कोमुझ मांडीवर घेतला, औषधाकडे असं प्रेमानं पाहिलं जसं सासू नव्या सुनेकडे पाहते, आणि लागली गायला:

आलास दोस्ता, बस ना जरा, घाई तुला रे कसली?
दोन दिवसांत निघून जातोस, खोड तुझी ही असली!
अर्धे मारून अर्धे सोडलेस, उरले तेच शहाणे,
तुझ्याच हातून शिकून आलो, आता गाऊ गाणे!

सभागृह उठून बसलं. नुरदोलोत पाठ केलेलं दुसरं कडवं म्हणाला, पण त्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मागून एक बाई ओरडली, “अरे बाळा, ती काय विचारते आणि तू काय सांगतोस!” मग साइकालचा मोहरा फिरला पहिल्या रांगेकडे:

औषधवाल्या काकांनाही सलाम माझा सांगा,
कात्री त्यांची चालत राहो, लांब राहो रांगा!

(मी पाकिटं कात्रीनं कापून चार-चार गोळ्या सुट्या विकतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. माहीत असणं वेगळं आणि सुरात ऐकणं वेगळं.) लोक माझ्याकडे वळून हसले. मीही हसलो. दुकानदारानं अशा वेळी हसायचं असतं. पण माझ्यावर थांबली असती तर ती साइकाल कसली?

वरच्या कुरणात वैद्यबुवा एक, काय तयांची माया!
मेंढीसाठी आणलेलं औषध बायकोलाही द्याया!

दाजी, यात कोणाचं नाव नाही. वरच्या कुरणांत असे वैद्यबुवा विसेक तरी असतील आणि त्यांतले निदान पाच जण कोल्खोजच्या जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले असतील. तेव्हा तुम्ही उगाच अंगाला लावून घेऊ नका.

नुरदोलोतला सोळा कडवी संपल्यावर सतरावं सुचलं नाही. तो कोमुझ खाली ठेवून रडू लागला. तिघा म्हाताऱ्यांनी दाढ्या एकत्र आणल्या. डॉक्टरीणबाई त्यांच्या कानाशी जाऊन काकुळतीनं काही सांगत होत्या, तर मोल्दोकुल आजोबा मोठ्यानं म्हणाले, “बाई, तुमचं औषध खरं असेल, पण ते गप्प बसलं. मी ऐंशी वर्षांचा, आता खोटा निवाडा देऊ होय?” जंतूचा विजय जाहीर झाला. आणि झगा देणारा मी, तेव्हा रीतीप्रमाणे तो जंतूच्या खांद्यावर मलाच घालावा लागला. त्याचा फोटोही निघाला आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई निरोप घ्यायला आल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, सगळं उलटं झालं, बदलीचा अर्ज देते. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं, कारण सकाळी पहिलंच गिऱ्हाईक आलं होतं एक आजीबाई, “साइकाललाही हरवेल अशी जालीम गोळी दे” म्हणून. पण चहा होईपर्यंत चौघी जणी आल्या. एकीनं चार गोळ्या मागितल्या तर बाकीच्या तिघींनी दारातच सूर धरला, “आलास दोस्ता, बस ना जरा!” ती बिचारी लाजून म्हणाली, “नको बाई, आधी दाखवून येते.” तसंच आठवडाभर चाललंय. पोरं घरोघरी जंतूची कडवी म्हणत फिरतात आणि उरलेल्या गोळ्या गोळा करतात. डॉक्टरीणबाईंनी अर्ज फाडला. माझा सुट्या गोळ्यांचा धंदा बसला. तक्रार करत नाही, फक्त कळवतो.

असो. घोड्यांची काळजी घ्या.

आपला,
शार्शेन

ता. क. पुढच्या शनिवारी पोरांनी पुन्हा आइतिश ठेवला आहे. या वेळी औषधाच्या बाजूनं साइकाल बसणार. तिकीट म्हणून प्रत्येकानं घरातल्या उरलेल्या गोळ्या आणायच्या. परीक्षक म्हणून पोरांनी तुमचं नाव घातलं आहे. शुक्रवारच्या गाडीनं खाली या. उरलेल्या गोळ्यांचा तो कपाटावरचा बिस्किटांचा डबा आणा, आणि मेंढ्यांच्या औषधाची ती मोठी बाटलीही. तुम्हाला सगळ्यांत पुढची जागा मिळेल.

ता. क. दुसरं. अक्का नमदा शिवत नाही. दाजी, बसून वाचा. ती त्या दिवशी बायकांच्या बाजूला बसली होती. तुमच्या कडव्याला (म्हणजे त्या वैद्यबुवाच्या कडव्याला) सगळ्यांत मोठ्यानं हसली. घरी येताना पोरीला म्हणाली, “बेगिमाय, मला पुन्हा ताप आहे. उद्या त्या बाईंकडे ने, आणि याला सांगू नकोस.” ‘याला’ म्हणजे मला. मला का, ते तपासणीच्या कागदानं सांगितलं. ज्या दोन प्रकारच्या गोळ्या मी हिवाळाभर ड्रायव्हरच्या हातून तुम्हाला पाठवत होतो, त्या दोन्ही तिच्या आतल्या जंतूवर चालेनाशा झाल्या आहेत. मूत्रपिंडापर्यंत पोचलं होतं. तिसरी चालते. चार दिवस दवाखान्यात सुया दिल्या, आता गोळ्यांवर आहे आणि माझ्या घरीच निजून आहे. गोळ्या तुम्ही चारल्यात, पण पाठवल्या मी होत्या. तेव्हा भांडायचं तर शुक्रवारी येऊन माझ्याशी भांडा, डॉक्टरीणबाईंशी नाही. आणि तिच्यासाठी काहीही औषध बरोबर आणू नका. हेच सांगायला पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. तिसरं, अक्काच्या हातचं. अहो, हा रडका आहे, त्याचं इतकं मनावर घेऊ नका. मी बरी आहे, पाच दिवस ताप नाही. ते वैद्यबुवाचं बेगिमायकडे आलेल्या साइकालला मीच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, चहा पिता पिता. गाण्यात घालेल असं वाटलं नव्हतं. आता इतकं बरं वाटतंय तर गोळ्या कशाला, म्हणून काल दोन उशीखाली ठेवल्या होत्या, तुमच्या खोकल्याला होतील म्हणून. पोरीनं शोधून काढल्या, पुढ्यात बसली आणि म्हणाली, “आजी, आ कर.” तेव्हा तुमच्यासाठी काही उरलेलं नाही. खोकला आला तर चहा प्या, आणि लवकर या.