खोली क्रमांक बाराचा भावी अध्यक्ष

सोमवार, ४ ऑगस्ट
पीएच.डी.चा पहिला दिवस. खोली क्रमांक बारा. टेबलं चार, माणसं चार, मातृभाषा चार. वीस वर्षं शाळेत शिकवून आलेल्या बाई, सैन्यातून निवृत्त झालेला फौजी, हॉस्पिटल सोडून आलेली नर्स आणि मी. आपसात मोडकंतोडकं इंग्रजी. या विखुरलेल्या माणसांना एकत्र आणणारं कुणीतरी हवं. आजूबाजूला पाहिलं. मीच दिसलो.
संकल्प: महिन्याभरात संशोधक मंडळ. अध्यक्ष बिनविरोध.

मंगळवार, ५ ऑगस्ट
पावणेपाचला निघालो. नेत्याने फार मिसळू नये, किंमत राहत नाही. निघताना ‘जातो’ म्हणू नये ही आईची शिकवण, म्हणून अदबीने ‘आय विल कम’ म्हणालो. तिघांनी मान हलवली. छाप पडली.
खोलीवर गेलो. भिंतीकडे पाहिलं. आईला फोन करून सांगितलं, खूप मित्र झालेत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. सकाळी ९.१०
सलग तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कालच्या चहाचा भरलेला कप. वर बशी झाकलेली. माझं टेबल म्हणजे यांची मोरी आहे का? तक्रार अर्ज लिहिला. मंडळ झालं की अध्यक्षांकडे, म्हणजे माझ्याकडेच, देईन.

बुधवार, १३ ऑगस्ट
कप बंद! न दिलेल्या अर्जाचासुद्धा परिणाम होतो. शेवटी व्यक्तिमत्त्व लागतं.
मी आत आलो की गप्पा थांबतात. आदर असावा. मंडळाच्या घटनेचं सतरावं कलम झालं.

मंगळवार, १९ ऑगस्ट
दारावर सूचना लावली: शुक्रवारी पाचला स्थापना सभा. खाली ठळक अक्षरांत: ‘आय विल कम.’ बाईंनी वाचून नर्सला दाखवली. दोघी पोट धरून हसल्या. उत्साह म्हणतात तो हाच.

शुक्रवार, २२ ऑगस्ट
५.००. चोवीस बिस्किटं मांडली.
५.२०. मोठ्या सभा उशिराच सुरू होतात.
५.३०. कोरमअभावी सभा तहकूब. नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने पुन्हा भरवली. भाषण थोडक्यात आटोपलं.
६.३०. बिस्किटं उरली पाच. कुणी आलं नाही. वाईट वाटलं. खूप.

सोमवार, २५ ऑगस्ट
नर्सला जाब विचारायला गेलो, तर तिनेच मला विचारला. म्हणे, रोज ‘येतो’ सांगून जातोस आणि येत नाहीस. पहिल्या आठवड्यात आम्ही साडेसहापर्यंत तुझा चहा झाकून बसायचो. माझी दोनदा बस चुकली. सूचनेवरही तेच वाचलं, मग सभेला कोण थांबणार?
मी सांगितलं, आमच्यात जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो.
फौजीने विचारलं, मग खरंच परत येणार असलात तर काय म्हणता?
विचार केला. म्हणालो, ‘येतो.’
बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नर्सने एक स्टूल पुढे ओढलं आणि बस म्हणाली. बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गरम चहा मिळाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
वातावरण अनुकूल पाहून हळूच अध्यक्षपदाचा विषय काढला. फौजी म्हणाला, साखर दे.
दिली.