ग्रासलेला चंद्र, न बुडालेला सूर्य

सुवा, दहावा महिना, तिथी २

सौ. ओसोनो हीस मोरिएमोनदादाचे अ. उ. आ.

तुझा प्रश्न पोचला. पृथ्वीच्या सावलीत शिरल्यामुळे चंद्राला ग्रहण लागतं, तर दर पौर्णिमेला का लागत नाही? प्रश्न चांगला आहे. तुझ्याकडून अपेक्षा नव्हती. चंद्राची वाट किंचित कलती आहे. बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. येत्या पंधराव्याला मात्र सापडेल, उगवेल तोच ग्रासलेला. तुमच्या इझूच्या टोकावर पूर्व-पश्चिम दोन्हीकडे समुद्र, तेव्हा नीट बघ. सूर्य पुरता बुडाल्यावरच तो वर येईल, कारण पृथ्वी दोघांच्या बरोब्बर मध्ये. हे वाक्य माझ्या पुस्तकात सातव्या पानावर आहे. ते पुस्तक सतरा वर्षं दुकानात सोयाबीनचा मिसो आंबवता आंबवता लिहिलं. विसाव्याला आमचा ठसे कोरणारा गेनपाची ते छापण्यासाठी चेरीच्या फळ्यांवर कोरायला घेईल. शिकलेली मंडळी चूक शोधायला टपलेली आहेत. त्यांना एकही मिळायची नाही.

लोभ आहे तेवढाच ठेव, तपशील जास्त पाठव.

इझू, दहावा महिना, तिथी १६

ती. दादास ओसोनोचा शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. काल चंद्र वर आला तो कुरतडलेल्या तांदळाच्या पापडासारखा, आणि पश्चिमेला सूर्य अजून पाण्यावर टेकलेलाच! मी एकशे ऐंशी मोजले, मग तो बुडाला. जाळी आवरणारे कोळी मला म्हणाले, तुझ्या भावाची पृथ्वी तेवढ्यात चहा प्यायला गेली होती का? गेनपाचीला थांबव.

वहिनीला नमस्कार, तुझ्यावर माया आहेच.

सुवा, दहावा महिना, तिथी २१

सौ. ओसोनो हीस अ. आ.

पत्र पोचलं. पाण्यावरची चकाकी पाहून तू सूर्य समजलीस. कोळ्यांना काय, तू म्हणशील ते त्यांना दिसेल. गेनपाचीला थांबवलेलं नाही. सातवं पान उद्या.

प्रकृतीला, विशेषतः डोळ्यांना जप.

इझू, दहावा महिना, तिथी २५

ती. दादास शि. सा. न.

मी चिडले आहे, म्हणून मुद्द्याचंच लिहिते. चहाच्या वाडग्यात तळाशी शिंपला ठेव. काठाआड दिसेनासा होईतो मागे सर आणि मान हलवू नकोस. दुसऱ्याला पाणी ओतायला सांग. शिंपला जागचा हलत नाही, तरी वर दिसतो! मी पाणी ओतलं तेव्हा बघणाऱ्या सासूबाई किंचाळल्याच. काठाआडचं पाणी दाखवतं, तर क्षितिजाआडचं हवा का नाही दाखवणार? ते टपलेले हसण्याआधी तू एकदा करून बघ.

एवढं केलंस तर माझा राग गेला असं समज.

सुवा, अकरावा महिना, तिथी ९

सौ. ओसोनो हीस अनेक आशीर्वाद.

इथे शिंपला कुठला? खडा घेतला. वाडगा अकरा वेळा भरला, अकराही वेळा खडा वर आला. तुझी वहिनी ओतून ओतून कंटाळली; म्हणाली, बाराव्यांदा खडा ऐकेल असं वाटतंय का?

सातवं पान कोरून झालं होतं. गेनपाचीने ते वाक्य छिन्नीने खणून काढलं, खळगीत लाकडाचा तुकडा ठोकून बसवला आणि त्यावर नवं कोरलं : 'बुडालेला सूर्य आणि न उगवलेला चंद्र हवेमुळे क्षणभर वर दिसतात, म्हणून सूर्यासमोरही ग्रासलेला चंद्र दिसू शकतो. इझूच्या ओसोनोने पाहिला.' त्या तुकड्याच्या कडेची केसाएवढी रेघ प्रत्येक छापात उमटते. गेनपाची म्हणाला, घासून घालवतो. मी नको म्हटलं. कोणी विचारलं तर बोट ठेवून सांगेन, इथे मी चुकलो होतो.

पुढच्या ग्रहणाला मी तिकडे येतोय, लोभ तोवर टिकव.

तुझा
मोरिएमोनदादा