प्रभुभोजनाचं ताट पुढे का दिलंत?

प्रिय पप्पा, सलाम.

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. त्यावर जाऊ नका.

तुम्हाला मातीत ठेवलं त्या दिवशी तुमच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. आता आहे. काल तुमचं कपाट आवरायला घरी आले होते. शेजारच्या शांतामावशी चहा घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, "तू वारज्याला गेलीस ना रूथ, तेव्हापासून तुझ्या पप्पांनी प्रभुभोजन घेतलं नाही गं. चर्चमध्ये भाकरीचं ताट बाकावर आलं की मान हलवायचे आणि माझ्याकडे पुढे द्यायचे."

चहा तसाच गार झाला. एवढा राग मला तुमच्या जिवंतपणीसुद्धा आला नव्हता!

तुम्ही? प्रभू कधीही येईल, तयार असावं, हे ज्यांनी मला बाराखडीच्या आधी शिकवलं, ते तुम्ही? आणि तयारी तरी केवढी! अंत्यविधीची गीतं ठरलेली, पांढरा सदरा इस्त्री करून वरच्या कप्प्यात, शवपेटी करणाऱ्याला आधीच निरोप की पितळी कड्या नकोत. शेजारीपाजारी हसायचे. कारखान्याने ऐच्छिक निवृत्तीच्या नावाखाली घरी बसवलं तेव्हाही तुम्ही कुरकुरला नाहीत. "आपलं सामान बांधलेलं आहे," म्हणालात.

मग हे एक बोचकं कसं राहिलं?

ते शनिवार आठवतात का? महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनात येशूच्या आठवणीची भाकर खायची, म्हणून आदल्या दिवशी तुम्ही चपला घालून निघायचात. ज्याच्याशी वाजलं असेल त्याच्या दारात उभं राहून म्हणायचात, "सलाम, माझं चुकलं." एकदा शांतामावशींच्या यजमानांशी नळावरून हमरीतुमरी झाली होती. ते दार उघडेनात, तर तुम्ही त्यांच्या पायरीवर बसून राहिलात. शेवटी कंटाळून त्यांनीच उघडलं. भांडण मनात ठेवून खाल्लेली भाकर अंगी लागत नाही, असं तुम्ही मला परत येताना सांगितलंत.

नळावरून भांडणाऱ्या माणसासाठी पायरीवर बसता येतं, पप्पा. पोटच्या मुलीसाठी नाही?

माझा गुन्हा काय? हिंजवडीच्या कंपनीत नोकरी धरली आणि परदेशी गिऱ्हाइकासाठी रविवारची शिफ्ट घेतली. तुम्ही कारखान्यात रविवारचा ओव्हरटाइम कधी केला नाहीत, हे मला माहीत होतं. नाही पटलं तर घरात ओरडायचं होतं. आई गेल्यापासून घरात ऐकायला होतं तरी कोण? पण नाही. तुम्ही प्रार्थनासभेत उभे राहिलात. मी सतरंजीवर बसलेली, अख्खी मंडळी डोळे मिटून, आणि तुम्ही खणखणीत आवाजात, "प्रभू, माझी रूथ! तिने पगारासाठी तुझा दिवस विकला. या हरवलेल्या मेंढराला परत आण."

हरवलेलं मेंढरू तुमच्या शेजारीच बसलं होतं! डोळे मिटूनही सगळे माझ्याकडेच बघत होते. बोलायचं होतं तर माझ्याशी बोलायचं, देवाच्या आडून कशाला? प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मी 'आमेन' म्हटलं नाही. उठले, आणि त्याच आठवड्यात वारज्याला खोली घेतली.

तुम्ही आला नाहीत. एकदाही नाही. स्वारगेटहून बस थेट माझ्या सोसायटीच्या फाटकाशी थांबते. जन्मभर प्रभूच्या येण्याची वाट बघितलीत, एका बसची बघवली नाही?

मला वाटायचं, तुम्ही मजेत आहात. स्वर्गातली जागा पक्की, मुलगी वाया गेली तर गेली. त्या समजुतीवर माझा राग किती सुखात चालला होता! आता तेही सुख गेलं. आता डोळ्यांसमोर तुम्हीच येता, मान हलवून ताट पुढे देणारे. तुम्हाला तुमची चूक कळली होती ना? मग आला का नाहीत? की मला माफ करणं जमत नव्हतं आणि प्रभूसमोर खोटं वागवेना? यातलं खरं कोणतं? सांगा ना! बुधवारी सकाळी दूध तापवता तापवता कोसळलात आणि हे कायमचं माझ्या गळ्यात टाकून गेलात. हा सरळ सरळ अन्याय आहे.

चर्चचे पाळकसाहेब मला म्हणाले, "तुझे पप्पा तयार होते." पण तुम्ही तयार नव्हतात, पप्पा. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुमच्यासारख्या माणसाला त्याची केवढी भीती वाटली असेल! एकटेच घाबरत राहिलात. मला एक फोन तरी करायचात!

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. मी शिफ्ट बदलून घेतली आहे. उगाच खूश होऊ नका, तुमच्यासाठी नाही. तुमच्या बाकावर बसेन आणि ताट आलं की पुढे देईन. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि केल्यासारखं दाखवून भाकर उचलणार नाही. पण वचन देते, दर महिन्याला येईन आणि स्वतःला विचारेन, झालं का? ज्या रविवारी मनापासून 'हो' येईल, त्या रविवारी हात पुढे करीन.

तोवर तुमच्यासारखीच उपाशी उठेन.

तुमची, अजून रागातच असलेली,
रूथ