‘सोडलं’ या शब्दाबद्दल

सुचित्रा,

‘सौ.’ लिहिलं नाही. तुझं नवं आडनाव माझ्या पेनातून उतरत नाही. पत्र पाठवणारही नाही. याचंही तू भाषांतर करून घेशील.

सिंगापूरच्या कोर्टाने आपली वल्लरी तुझ्या नव्या नवऱ्याला, प्रबोधला दत्तक दिली, माझं बापपण रद्द केलं. अपिलाच्या चौदा दिवसांतला आज सहावा. वकील केलेला नाही. बोटीची इंजिनं मी मॅन्युअल वाचून शिकलो, कायदाही तसाच वाचतोय.

तुझी किळस येते. १६ मार्च २०१४, रविवारी पोरीला तुझ्या टॅम्पिनीसच्या घरी पोचवून मी मेसेज केला होता, “वल्लरीला तुझ्याकडे सोडलं. निघतो.” कोर्टासाठीच्या इंग्रजी भाषांतरात आलं ‘अबॅन्डन्ड’, म्हणजे टाकून दिलं! जजने विचारलं, भाषांतर बरोबर आहे? आणि मराठीत पहिली येणारी तू “येस” म्हणालीस. अगं, रोज सकाळी तूही तिला शाळेत सोडतेस ना? मग टाकून येतेस का?

हे अपिलात लिहिलं. मग त्यानंतरच्या भेटींच्या तारखा लिहायला बसलो. एकही नाही. दोन वर्षं बोटीवरच होतो, असं मी कोर्टात सांगितलं होतं. पण पुढच्या जानेवारीत बोट अकरा दिवस इथेच दुरुस्तीला होती. बिशान स्टेशनवर तू मला पाहिलंस. वल्लरी प्रबोधचा हात धरून उभी होती. मी जिना उतरून निघून गेलो.

हे तू कोर्टात बोलली नाहीस. माझ्यावर दया केलीस! त्याची तर जास्तच किळस आली. म्हणून आज ते मीच अपिलात लिहिलं, तारखेसकट.

अजून आठ दिवस वल्लरीचा बाप,
गुरुप्रसाद