परदेशी डिप्लोमा आणि पद्माची अकरावी

१२ जानेवारी १९७५
गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीतून वाट काढत वाघमोडे चहाला आले. आता शाळेत माझ्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर हेच बसतात. खुर्ची माझ्या वेळची, उशी नवीन.
बातमी अशी. जूनपासून आपल्या मुलींच्या शाळेतच अकरावी-बारावी काढायला परवानगी मिळायच्या बेतात आहे. दोन खोल्याही बांधून तयार. पण संस्थेच्या धाकट्या शेठना त्या खोल्यांत वेगळंच काही हवंय. ते स्वित्झर्लंडला जाऊन आले. तिकडे एक दोन वर्षांचा डिप्लोमा निघालाय म्हणे, सगळ्या देशांत एकच. पेपर तिकडून सीलबंद येणार, तपासायला तिकडेच जाणार. दोन्ही वर्ग मावत नाहीत, तेव्हा एकच काय तो निवडायचा. त्यासाठी तिघांची समिती: धाकटे शेठ, वाघमोडे आणि मी.
"मी रिटायर झालेय, वाघमोडे."
"म्हणून तर आलो की. रिटायर माणसाला कुणाचं भ्या न्हाय."
सांगोल्याकडची बोली, घाई झाली की बाहेर पडते. इन्स्पेक्टरसमोर आहे-नाही अगदी व्यवस्थित.

१३ जानेवारी
धाकट्या शेठनी ड्रायव्हरबरोबर माहितीपुस्तक पाठवलं. (पुढे नुसतं धा. शे. त्या माणसावर एवढी शाई घालवणार नाही.) चिठ्ठीत लिहिलंय, 'तुमच्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीची संस्थेला गरज आहे.' म्हणजे डोक्याची नाही.

१९ जानेवारी
पुस्तक वाचलं. नावं ठेवायची म्हणून पेन्सिल घेऊन बसले होते. पेन्सिल तशीच राहिली.
गाइड नाही. 'महत्त्वाचे प्रश्न' नाहीत. पुस्तक नेमलं की ते आख्खं वाचायचं. एक लांब निबंध, स्वतः शोधून, स्वतःच्या शब्दांत. आपल्याला जे माहीत आहे ते खरं कशावरून, एवढ्यावरच एक तास. दुपारी हातकाम आणि समाजसेवा, सक्तीची.
पुण्याला सिस्टर अशाच शिकवायच्या. धडा झाला की पुस्तक मिटायला लावायच्या आणि म्हणायच्या, आता तू सांग. मी आयुष्यभर शाळेत तेच करू पाहिलं आणि दर मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरने माझं नाक कापलं. पाठ केलेल्या पोरी पुढे, विचार करणाऱ्या मागे.
शेठच्या पोराशी आपलं मत जुळावं याचा राग येतोय.

२ फेब्रुवारी
पद्मा आली होती. दाजी पेठेतल्या विणकर नरसय्यांची मुलगी, यंदा दहावी. रविवारी सकाळी माझ्याकडे वाचायला येते. शिकवणी नाही, मी शिकवण्या करत नाही. ती वाचते, मी अडवते. बोलायला बुजरी, पण वाचताना नजर अशी की पुस्तकाने घाबरावं.
म्हणाली, "बाई, अकरावी शाळेतच निघाली तरच मला शिकता येईल."
"तरच? म्हणजे?"
"नाना म्हणतात, मुलांच्या कॉलेजात नाही. शाळा ओळखीची आहे." नाना म्हणजे वडील. मग म्हणाली, "भिवंडीहून स्थळ आलंय."
एवढं बोलून धडा काढला. मी तिचे उच्चार सुधारत बसले. दुसरं काय करणार?

१६ फेब्रु.
समितीची बैठक, शेठच्या बंगल्यावर. पंखे दोन, माणसं तीन, बिस्किटं परदेशी.
धा. शे. बरं बोलतात, हे कबूल. वर्ग इंग्रजीतून, मुलं-मुली एकत्र. रेल्वे लाइन्स वसाहतीतल्या अफसरांची मुलं मग पुण्या-मुंबईला जाणार नाहीत, सोलापूरचं नाव होईल. मी ऐकत होते. निम्मं पटतही होतं.
मग समाजसेवेचं निघालं. "आपल्याकडे त्यालाही सोय आहे, बाई. विद्यार्थी आठवड्यातून दोन दुपारी दाजी पेठेत, साखर पेठेत जातील. विणकरांच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरू लागतील, बायकांना अक्षरओळख शिकवतील."
वाघमोड्यांनी मान डोलावली. मी विचारलं, "आणि वर्गातल्या विणकरांच्या मुली कुठे जाणार?"
"म्हणजे?"
"आपली पद्मा रोज शाळा सुटली की घरी कांड्याच भरते. ती सेवेला कुणाच्या घरी जाणार? स्वतःच्या? आईला कांड्या भरू लागल्याचे मार्क स्वित्झर्लंडहून येणार का?"
वाघमोड्यांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.
धा. शे. चिडले नाहीत. अगदी सौम्यपणे म्हणाले, "तशा मुली या वर्गात नसतीलच, बाई."
दुष्टपणा नव्हता त्यात. म्हणूनच जास्त लागलं. शाळा तशा मुलींसाठीच काढली होती यांच्या आजोबांनी.
बिस्किट तसंच ठेवलं. चांगलं होतं.

२३ फेब्रु.
दाजी पेठेत गेले. नरसय्यांचं घर म्हणजे पुढे माग, मागे चूल, मध्ये माणसं. चादरीवर मोर विणायचा चालला होता. माग थांबवून त्यांनी मला स्टूल दिलं.
"पोरगीला शिकवायला मी नाही म्हणत नाही, बाई. तुमच्या शाळेत असेल तर दोन वर्षं भिवंडीवाल्यांना थांबवतो. एकदा बाहेर कॉलेजात गेली, की तेच थांबणार नाहीत."
"आणि मुलं-मुली एकत्र असतील, शाळेतच, तर?"
"मग शाळा कशी राहिली ती?"
पद्माची आई कांड्यांचा रहाट फिरवता फिरवता तेलुगूत बरंच काही बोलली. पद्मा म्हणाली, "आई म्हणते, चहा घ्या." एवढ्या लांब बोलण्याचा एवढा आखूड चहा! मी घेतला.
म्हणजे ठरलं. डिप्लोमा आला की पद्मा भिवंडीला. माझं मत साध्या अकरावीला.

९ मार्च
वाघमोडे भेटले बाजारात, हातात शेंगाचटणीचा पुडा. "बाई, तुमी म्हणाल तिकडं मी. दोन मतं झाली की धाकट्यांचं काय चालत न्हाय." मग हळूच, "पर परदेशी पाटी लागली असती तर लई भारी दिसलं असतं, न्हाय?"
मुलाला प्रसादाचा पेढा दाखवून झाकून ठेवल्यावर त्याचा होतो तसा चेहरा केला होता. सांगोल्याच्या शाळेत हा मनुष्य मेंढरं वळून मग वर्गात बसला होता. त्याला का नको वाटावी पाटी?

मार्च, परीक्षेचा आठवडा
पद्माचे पेपर बरे गेले. इंग्रजीचा निबंध 'पहाट'. पाठ केलेला लिहिला का विचारलं. "नाही. मी आमच्या पेठेतली पहाट लिहिली, सगळे माग सुरू होतात ती." मार्क कापतील गाढवं.

२० एप्रिल
ऊन असं की पाण्याच्या माठालाही घाम नाही. धा. शे. स्वतः आले. तडजोड आणली होती.
"तुमच्या त्या हुशार मुलीला घेऊ की आपण. अशा दोघी-तिघी घेऊ. फोटोतही बरं दिसतं."
"फोटोत उभ्या करायला मुली हव्या असतील तर स्टुडिओत जा," म्हटलं. गेले. टोपी विसरून गेले, ती मोलकरणीबरोबर पाठवली.

२७ एप्रिल
आज जे झालं ते नीट लिहायला हवं.
मी आत सरबत करत होते. पद्मा बाहेरच्या खोलीत. येऊन बघते तर माहितीपुस्तक तिच्या हातात, अर्ध्यावर. शब्दकोश मांडीवर.
"बाई, हा दुसरा वर्ग, ज्याच्यात सगळी पुस्तकं आख्खी वाचायची..."
"हो. तो नाही होत. मी बघतेय तुझी अकरावी निघेल असं."
"तो मला नाही का मिळणार?"
सरबताचा पेला मी तिच्या हातात दिला की टेबलावर ठेवला, आठवत नाही.
"तुला तो हवाय?"
"निबंध स्वतःच्या मनाने लिहायचा म्हणे."
बस, एवढंच. हिवाळ्यापासून मी हिच्यासाठी सगळ्यांशी भांडतेय, आणि भांडतेय ते कमी चांगल्या वर्गासाठी. धा. शे. म्हणाले तशा मुली नसतीलच. मीही तेच धरून चालले होते, फक्त आवाज माझा मोठा होता. तिला विचारायचं मात्र

२८ एप्रिल
काल वाक्य अर्धंच राहिलं. राहू दे.

४ मे
समिती. माझं मत लिहून नेलं, इंग्रजीत, म्हणजे धा. शे. ना नीट समजावं. डिप्लोमा आणा. पण वर्ग मुलींचाच. जागा आधी आपल्याच दहावीच्या मुलींना, फी न घेता. इंग्रजी कच्चं असेल त्यांना पहिले सहा महिने ते वेगळं शिकवायचं. हे होत नसेल तर साधी अकरावी काढा. मधलं काही चालणार नाही.
"मग रेल्वे लाइन्सचे लोक येणार नाहीत, बाई."
"न येवोत. त्यांच्या मुली पुण्याला जातात. मीही गेले होते."
वाघमोडे उठून उभे राहिले. "माजं मत बाईंना. आन् कांड्या भरायच्या असल्या तर अफसरांच्या पोरी पद्माकडनं शिकू द्यात की!" बैठकीत त्यांच्या तोंडून बोली प्रथमच ऐकली. छान वाटली.
धा. शे. म्हणाले, फी माफ करायची म्हणजे पैशाचा प्रश्न, वडिलांना, थोरल्या शेठना, विचारून सांगतो. 'नाही' म्हणाले नाहीत. सहा महिने इंग्रजी कोण शिकवणार, एवढं मात्र विचारलं. बघू, म्हटलं.

१८ मे
थोरल्यांचं उत्तर नाही. ते थंड हवेला गेलेत. आपण इथे भट्टीत.

१ जून
संध्याकाळी नरसय्या आले. कधी येत नाहीत. वर बसा म्हटलं तरी पायरीवरच बसले. पद्माने घरी सगळं सांगितलं होतं.
"इंग्रजी वर्ग म्हणे, पण मुलींचाच?"
"झाला तर मुलींचाच. अजून ठरलं नाही."
"तिची आई घाबरते. एवढं शिकली तर भिवंडीवाले नको म्हणतील." मग म्हणाले, "बाई, तितं शिकवायला तुमी हाय का?"
"मी रिटायर झालेय, नरसय्या."
"ते माहीत हाय. तुमी असाल तर भिवंडीला मी 'नाही' कळवतो. 'थांबा' असं नाही, सरळ 'नाही'. तुमी नसाल तर मला जमणार नाही. मला इंग्रजी कळत नाही, बाई. माणूस कळतं."
संताप आला. ही काय पद्धत झाली? मुलीच्या सगळ्या आयुष्याचं ओझं माझ्या गुडघ्यांवर! पुन्हा ती घंटा, ते जिने, तो खडू. वाघमोड्यांसमोर रजेचा अर्ज! 'नाही' म्हणायला तोंड उघडलं तेव्हा ते चपला घालत होते.
"घाई नाही," म्हणाले. "रिझल्ट लागेपर्यंत सांगा."

८ जून
रिझल्ट अजून लागलेला नाही. थोरले शेठ परवा येणार, असं वाघमोडे म्हणतात. पद्मा आली, वाचायला बसली. वडील येऊन गेले हे तिला माहीत असणारच. नरसय्यांना काय सांगायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. एका ठिकाणी ती चुकली, मी अडवलं नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य स्वतःच पुन्हा वाचलं.