पहिला पेला कोण ओतणार

न्येमदो, ९ ऑक्टोबर

चि. वांगदेन,

तुला, तुझ्या बायकोला आणि फोटोतच पाहिलेल्या माझ्या भाचीला आशीर्वाद. आपल्या कावा कार्पो डोंगराच्या कृपेने सगळी खुशाल असाल.

तुझा निरोप मिळाला. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण मनाविरुद्ध काही ऐकू आलं की तुमच्या शांघायची रेंज जाते. म्हणून पत्र. तुझ्या वाइन कंपनीच्या शेन बाई मांडव-बिंडव बघून उद्या परत निघाल्यात, त्यांच्याच हाती देतेय. आपल्या तिबेटी अक्षरांत लिहिलंय, त्यांना वाचता येणार नाही. काळजी नको.

इकडे तोडणी सुरू आहे. यंदा ऊन चांगलं लागलं. द्राक्षं बारीक पण काळी कुळकुळीत, साल जाड. कंपनीचा माणूस एक दाणा चावतो, डोळे मिटतो ते बराच वेळ उघडत नाही. तुझे भावोजी म्हणतात, देवळात इतका वेळ डोळे मिटले असते तर मोक्ष मिळाला असता. अक्रोड झोडून झाले. लाल गाय व्याली.

तू लिहिलंस, पंचवीस तारखेला बडे पाहुणे येणार, आपल्या वेलींच्या वरच्या पट्टीत बसून नवी वाइन पिणार, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने आपल्या रीतीने पहिला पेला ओतायचा. ती मोठी बाई म्हणून मी उभी राहायचं. चांगला झगा घाल, पोवळ्याची माळ घाल, असंही लिहिलंस. आणि शेवटी, जाता जाता, "आईला दोन दिवस मावशीकडे ग्यालथांगला पाठव, गर्दीचा त्रास होईल तिला."

किती रे काळजी! सहा वर्षांत तिचा गुडघा कसा आहे, हे एकदा विचारलं नाहीस.

मावशीचं मग लिहिते.

गेल्या लोसारला, नव्या वर्षाच्या सणाला, कंपनीने घरटी एक-एक बाटली वाटली, ते तुला ठाऊक आहे का? नसावं. लाकडी पेटी, आत रेशीम, तान्ह्या बाळाला झोपवावं तशी बाटली. आपल्या गच्चीवर सगळे जमलो होतो. बाटलीवर आईचं नाव आपल्या अक्षरांत, ठसठशीत. यांगझोम. आई लाजून लाल झाली. ओढ्यापलीकडची ल्हाकी मावशी म्हणाली, "बघ गं, पोरगं विसरलं नाही तुला!" आईने झग्याच्या बाहीने बाटली पुसली. मग मास्तरांच्या सुनेला म्हणाली, "खाली चिनीत काय लिहिलंय गं माझ्याबद्दल? वाच की मोठ्याने."

ती बिचारी वाचत सुटली. माझी दिवंगत आई यांगझोम हिच्या स्मृतीस. हिमवादळात या वेली वाचवताना ती कड्यावरून पडली आणि मुळांपाशीच तिने प्राण सोडला. अर्ध्यात तिची जीभ अडखळली, पण तोवर वाचून झालं होतं.

 आईच बोलली, "मी पडले ती एकदाच. त्याच्याच बारशाला, छांग पिऊन." मग सगळे हसले. पण पेले तसेच ठेवून एकेक जण उठून गेला.

वांगदेन, तू शहरात राहून विसरलास का रे? आपल्याकडे मेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर त्याचा जीव वाटेत घुटमळतो. पोटच्या मुलाने आई गेली म्हणून लिहून दिलं, छापलं, देशोदेशी पाठवलं. त्या दिवसापासून न्येमदोत आईला कुणी नावाने हाक मारत नाही. "चोकीची आई" म्हणतात. पोरं तिला बघून वाट सोडतात. ल्हाकी मावशी चाळीस वर्षं ओढ्यापलीकडून "यांगझोम गं, चहा झाला का?" म्हणून ओरडायची. ती आता दगडावर दगड आपटते. आई दगडाचा आवाज ऐकून बाहेर येते, हात हलवते, आत येते आणि चुलीपाशी गप्प बसते. ती गप्प बसली की माझं रक्त उकळतं. वेली लावल्या मी आणि भावोजींनी, ते बाटलीवर नाही, त्याचं मला काही नाही. विक तुझी गोष्ट. पण गोष्ट खपावी म्हणून जिवंत आईला कड्यावरून ढकललंस, मेल्या!

लामांनी शांत केलं. म्हणाले, नाव परत मिळवायचं तर तिने स्वतः, ज्यांना तिच्या मृत्यूची गोष्ट सांगितली त्यांच्यासमोर, आपल्या तोंडाने सांगावं. मी म्हटलं, ते सगळे शांघायला, तिला तिथे कोण नेणार?

आणि बघ, तूच त्यांना घेऊन येतोयस.

आता मावशीचं. आई जाणार नाही. मी घराची थोरली, घर माझ्याकडे आलं हे खरं. पण आई असताना सुरईला मी हात लावला, तर ती मेली हे मीच कबूल केलं. पहिला पेला तीच ओतणार. शेन बाईंना ती भारी आवडली. "ह्या आजी कोण?" म्हणाल्या. मी म्हटलं, "ओतणाऱ्या." त्यांनी फोटो काढले. मग आपली रीत विचारली, मी सगळी सांगितली, अगदी खरी. अनामिका बुडवून तीनदा वर उडवायचं, तीन घोट घ्यायचे, दर घोटाला ओतणारी पेला भरते, मग एका दमात रिकामा करायचा. आणि रिकामा झाला की पाहुण्याने ओतणारीचं नाव विचारायचं आणि नावाने तिचे आभार मानायचे. शेन बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी कार्यक्रमात घातलंय. दुभाषाही ठेवलाय. प्रत्येक पाहुण्याच्या पुढ्यात तुझी बाटली असेल, लेबल पुढे करून.

तू पळशील असं भावोजींना वाटतं. मला वाटत नाही. तू नाही आलास तरी पाहुणे येणारच, तंबू ठोकून झालेत. आलास तर रांगेत बस, शेवटचा पेला तुझा. तुलाही विचारावं लागेल.

आई रोज वेलींत बसून आपलं नाव सांगायचा सराव करते. हळू आवाजात, मग मोठ्याने. काल ओढ्यापलीकडून ल्हाकी मावशी बाहेर आली आणि ऐकत उभी राहिली.

यांगझोमची आता एकुलती एक,
चोकी